कॉमाकाका आणि भीतीचा सल्ला

आमचे कॉमाकाका रागावले की विरामचिन्हांसकट रागावत. "मी शेवटचं सांगतो कॉमा, चहात पुन्हा आलं कमी पडलं कॉमा, तर मी चहा सोडीन फुलस्टॉप!" हे भाषण काकूंसाठी असे. काकू स्वयंपाकघरातून एवढंच म्हणत, "सोडा." की काका गप्प. चहा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, आणि कॉमाही.

त्यांचं खरं नाव प्रतापनगरात पोस्टमनशिवाय कोणाला माहीत नव्हतं. नागपुरातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात त्यांनी जन्मभर प्रुफं तपासली. त्या काळी हे काम दोघांचं असे. एक जण मूळ मजकूर हातात धरून मोठ्याने वाचायचा, कॅपिटल, कॉमा, फुलस्टॉप, नवा पॅरा, सगळं तोंडाने म्हणत. दुसरा छापलेल्या कागदावर नजर रोवून ऐकायचा आणि चूक दिसली की लाल पेनने समासात खूण करायचा. वाचणाऱ्याला म्हणायचे होल्डर. काका नेहमी दुसरे, लाल पेनवाले. इतकी वर्षं दिवसाला हजारो कॉमे कानात गेल्यावर थोडे तोंडावाटे बाहेर पडणारच.

निवृत्त झाल्यावर लाल पेन काही निवृत्त झालं नाही. गांधीबागेतला एक छापखानेवाला स्कूटरवरून त्यांच्याकडे इंग्रजी प्रुफं पाठवायचा आणि ते आनंदाने घ्यायचे. ज्यांनी पाठवली नाहीत त्यांचीही ते तपासत. भाचीच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका आली, तेव्हा काकांनी तिच्यात नऊ चुका काढल्या, लाल पेनने दुरुस्त केल्या आणि "सुधारून छापावी" असा शेरा मारून पत्रिका उलट टपाली परत पाठवली. काकू सांगत, "लग्नाला गेलो तर कोणी पाणी विचारलं नाही. आणि हे मांडवात बसून मला म्हणतात, अगं, त्यांनी दहावी चूक केलीय, वधूवरांच्या पाटीवर."

या घराच्या मागच्या खोलीत मी तीन वर्षं राहिले. मी नागपूरजवळच्या खाप्याची. माझ्याआधी आमच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी आजही जिथे संधी मिळेल तिथे सांगते. ज्याला ऐकून कंटाळा आला असेल त्याने खुशाल दुसरीकडे पाहावं. माझे बाबा कन्हान नदीच्या काठच्या मळ्यातली वांगी घेऊन प्रतापनगरच्या बाजारात बसत आणि काकू त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. एक दिवस वांगी निवडता निवडता काकूंनीच विचारलं, "पोरगी कुठे ठेवली?" बाबा म्हणाले, "ठेवतो कुठं? जागा पाहून राहिलो." संध्याकाळी माझी वळकटी काकूंच्या मागच्या खोलीत.

पहिल्याच वर्षी मी इंग्रजीत गेले. बाकी सगळ्या विषयांत चांगली पास, इंग्रजीत नापास. लेखी कसंबसं निभावलं होतं, पण तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांसमोर मोठ्याने उतारा वाचायचा होता, आणि माझं तोंडच उघडलं नाही. मी कागद धरून उभी राहिले आणि थोड्या वेळाने बसले. बाबा ओरडले नाहीत. वांग्यांच्या टोपल्यावर गोणपाट घालत एवढंच म्हणाले, "एक डाव झाला. आता दुसऱ्यांदा गेली त सामान बांधाचं न घरी याचं." बाबा एकदा बोलले की बदलत नाहीत. म्हणजे एक वर्ष माझ्या हातात होतं, आणि त्या वर्षाच्या टोकाला पुन्हा तेच सर, तोच उतारा आणि तेच माझं बंद तोंड.

ही बातमी काकूंनी काकांना सांगितली. काकांनी चष्म्यावरून मला पाहिलं. तोवर मला त्यांचा इतका धाक होता, की ते अंगणात असले की मी कपडे वाळत घालायला जायची नाही. म्हणाले, "बस. वाच." समोर कागदांचा ढीग.

"काका, मले नाही येत."

"काय नाही येत?"

"अर्थ नाही समजत."

"अर्थ कोण विचारतंय? अर्थ लिहिणाऱ्याकडे असतो. होल्डरने फक्त वाचायचं. कॉमासकट."

काकू आतून म्हणाल्या, "अहो, पोरीला होल्डर काय म्हणता? ती काय बल्बाची आहे?"

तो ढीग म्हणजे एका हाडांच्या डॉक्टरांचा प्रबंध होता. गुडघ्यांवर. तीनशे पानं. रोज कॉलेजातून आले की तास-दीड तास मी गुडघे वाचायची. शब्द अडला की काका म्हणत, "अक्षरं सांग, पुढे चल." हसणारं कोणी नव्हतं. समजलं का, असं विचारणारंही नव्हतं. दिवाळीपर्यंत गुडघे संपले. मी आयुष्यात पहिल्यांदा सबंध वाचलेलं इंग्रजी पुस्तक ते आहे, आणि त्यातलं एकही वाक्य मला समजलं नाही. पण तोंड उघडलं होतं. पुढे लग्नपत्रिका झाल्या, शाळांची माहितीपत्रकं झाली, एका मिठाईवाल्याची जाहिरात झाली. मला वाटू लागलं, जमलं.

आणि घोटाळा तिथेच झाला.

एक दिवस वर्गात मॅडमनी मला उभं केलं. मीही ऐटीत उभी राहिले. उतारा एका म्हाताऱ्या नावाड्याबद्दल होता. मी खणखणीत आवाजात सुरू केलं, "कॅपिटल टी द ओल्ड मॅन कॉमा हू लिव्ह्ड बाय द रिव्हर कॉमा..." मला कळलंच नाही. मी चांगल्या तीन ओळी पुढे गेले. मग कोणीतरी बाक बडवला आणि सगळा वर्ग कोसळला. मॅडमसुद्धा पुस्तक तोंडापुढे धरून हलत होत्या. त्या दिवसापासून मी जिन्यावरून गेले की मागून पोरांचा आवाज यायचा, "फुलस्टॉप आली गा, बाजू व्हा!"

चार दिवस मी कॉलेजात गेले नाही. रविवारी सकाळी ट्रंक काढली आणि कपडे भरायला लागले. काकू दारात उभ्या.

"काय वं, काहून रडून राहिली?"

"मी चालली खाप्याले. परीक्षेत बी असंच होईन माह्यं. त्यापक्षा आताच जाते."

काकूंनी मागे वळून हाक मारली, "अहो, या इकडे. ही तुमच्या कॉमाची करणी."

काका आले, पण मोकळ्या हाताने नाही. त्यांच्या काखेत तो जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता, जो उचलताना ते नेहमी "हर हर महादेव" म्हणत. माझ्या ट्रंकेवरच त्यांनी तो ठेवला आणि खिशातलं भिंग काढून पानं पाहत विचारलं, "तुला नेमकं काय वाटतं? शब्द सांग."

"भीती वाटते, अजून काय!"

"इंग्रजीत."

"फिअर."

"चूक. फिअर म्हणजे जुन्या काळी अचानक कोसळलेलं संकट. वाघ समोर आला, ते. टेरर म्हण, तर तो फ्रेंचांच्या हातून उशिरा आलेला, मूळचा लॅटिन, थरथर कापणं. तुझं संकट अजून आलेलंच नाही, परीक्षा तीन महिन्यांवर आहे. तू आधीपासून घाबरून बसलीस. त्याला म्हणतात ड्रेड. हा इंग्रजांचा अगदी घरचा, हजार वर्षांपूर्वीचा शब्द."

"काका, मी इथं सामान बांधून राहिली, न तुम्ही मले शब्दाचं खानदान सांगून राहिले!"

"खानदानच ऐक. पूर्वी हा शब्द लांब होता. पुढच्या तुकड्याचा अर्थ 'विरुद्ध', मागच्याचा अर्थ 'सल्ला देणं'. बोलता बोलता लोकांनी पुढचा तुकडा झिजवून टाकला आणि उरलं ते ड्रेड. म्हणजे मुळात भीती ही काय, तर आत बसून कोणीतरी दिलेला सल्ला. करू नको. जाऊ नको. उभी राहू नको." त्यांनी भिंग बाजूला केलं. "आपल्याला भीती नुसती वाटते. त्या जुन्या माणसांना ती बोललेली ऐकू येत असावी. आणि गंमत पुढे आहे. सल्ला देणं हा जो मागचा तुकडा, त्यातूनच इंग्रजीतलं रीड, म्हणजे वाचणं, निघालं. आधी सल्ला देणं, मग अर्थ लावणं, मग वाचणं. म्हणजे तुझं वाचणं आणि तुझं घाबरणं हे एकाच घरातले चुलतभाऊ आहेत. पंडितांचं यावर एकमत नाही, म्हणून मी समासात प्रश्नचिन्ह केलंय, बघ." खरंच, तिथे लाल प्रश्नचिन्ह होतं. काका शब्दकोशालाही सोडत नसत.

"आता सांग, तुला हा सल्ला देतंय कोण?"

"वर्गातली पोरं."

"ती काय वकील आहेत?"

मी रडता रडता हसणार, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. आणि मी एक चमत्कार पाहिला. काका शब्दकोश तसाच टाकून ताडकन उठले, "मी दाढीला बसलोय म्हणून सांग," असं पुटपुटले आणि न्हाणीघरात शिरून कडी लावून मोकळे झाले.

हे आधीही माझ्या लक्षात आलं होतं. काका रविवारी दोनदा दाढी करायचे. एकदा सकाळी उठल्यावर, आणि एकदा अमेरिकेतून मुलाचा फोन आला की. काकू फोनवर बोलून आल्या तेव्हा मी विचारलंच. काकूंनी न्हाणीघराच्या दाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नात आहे सहा वर्षांची, रेवा. तिला मराठी येत नाही. ती दर वेळी म्हणते, आजोबांना द्या. आणि यांचा आवाज तिने अजून ऐकलेला नाही. त्या लेकराला वाटतं, आजोबा म्हणजे कायम दाढी करणारा माणूस."

मला आधी खोटंच वाटलं. इंग्रजी वर्तमानपत्रात जन्म गेलेला, शब्दकोशाच्या चुका काढणारा माणूस! काका बाहेर आले. हनुवटी गुळगुळीत आणि कोरडी. मी तशीही खाप्याला निघालेलीच होते, म्हणून धीर झाला.

"काका, तुम्हाले कोण सल्ला देऊन राहिलं?"

ते बराच वेळ टॉवेलाची घडी घालत राहिले. छोटासा टॉवेल, त्याच्या पाच-सहा घड्या झाल्या. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी फक्त डोळे लावले, होल्डर. तोंड कायम दुसऱ्याचं होतं. मी इंग्रजीत एक अख्खं वाक्य कधी कोणाशी बोललेलो नाही. चुकलं तर, असं वाटतं. दुसऱ्यांच्या इतक्या चुका काढल्यात, की..." हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मग आम्ही दोन भित्र्यांनी करार केला. एका जुन्या प्रुफाच्या पाठीवर मी लिहिला: मी तोंडी परीक्षा देईन, आणि ज्या दिवशी पास होईन त्याच्या पुढच्या रविवारी काका फोनवर बोलतील. काकूंची साक्षीदार म्हणून सही. काकांनी त्यात तीन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि मगच सही केली. कपडे मी ट्रंकेतून काढले, कारण काकूंनी तोवर भाकरी टाकल्या होत्या.

त्या तीन महिन्यांत काका जास्त घाबरलेले होते की मी, सांगता येणार नाही. मी पाठ्यपुस्तकातले उतारे वाचायची, ते ऐकायचे. कॉमा तोंडातून जात नव्हता. शेवटी काकांनीच उपाय काढला. "म्हणू नको असं मी सांगत नाही. मनात म्हण. जेवढा वेळ म्हणायला लागतो तेवढा थांब आणि पुढे चल." आणि रात्रीचं जेवण झालं की ते स्वतःचं भाषण लिहीत बसत. नातीशी बोलायचं भाषण. आठ ओळींचं होतं, पण मी त्याचे अकरा मसुदे पाहिले. प्रत्येकावर लाल पेन चाललेलं. 'हाऊ आर यू' या तीन शब्दांपुढेही एकदा त्यांनी 'तपासावे' असं लिहिलं होतं.

परीक्षेच्या दिवशी मी उभी राहिले. समोर तेच बाहेरचे सर. गुडघे लटपटत होते, आणि गुडघ्यांबद्दल मला तीनशे पानं माहिती होती, तिचा काही उपयोग झाला नाही. आत कोणीतरी म्हणालं, बस खाली. मी मनात म्हटलं, तू वकील आहे काय? आणि वाचायला लागले. कॉमा आला, मनात म्हटला, पुढे गेले. फुलस्टॉप आला, मनात म्हटला, श्वास घेतला. संपल्यावर सरांनी मान वर केली आणि इंग्रजीत म्हणाले, तुझे विराम फार छान आहेत, कोणी शिकवलं?

निकाल लागला. बाबा बाजारात टोपली मांडून बसले होते, काकू सांगायला स्वतः गेल्या. बाबांनी विचारलं, "म्हणजे आता पोरगी विंग्रजी बोलन?" काकू म्हणाल्या, "बोलते ना. हवं तर कॉमासकट." त्या दिवशी बाबांनी काकूंना वांगी निवडू दिली नाहीत, स्वतः निवडून पिशवी भरून दिली.

पुढच्या रविवारी काका पहाटेच अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर उभे. बसा म्हटलं तर बसेनात. न्हाणीघराला काकूंनी बाहेरून कुलूप लावलं होतं. फोन वाजला. काकू बोलल्या, मग रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. एका हातात भाषणाचा कागद. काकांनी घसा साफ केला आणि वाचलं:

"माय डिअर रेवा कॉमा..."

मी डोळे मिटून घेतले. काकूंनी कपाळाला हात लावला. पण काका थांबेनात, त्यांना कळलंच नव्हतं. "आय ॲम युवर ग्रँडफादर फुलस्टॉप. आय ॲम नॉट शेव्हिंग टुडे फुलस्टॉप." आणि मग कळलं. काका पांढरेफटक. रिसीव्हर कानापासून दूर, जणू त्यातून विंचू निघणार. मग रिसीव्हरमधून आधी बारीक, मग मोठं, खिदळणं आलं. आम्हा तिघांना ऐकू आलं. पोरगी ओरडत होती, "अगेन! ग्रँडपा, डू द कॉमा अगेन!"

काकांनी रिसीव्हर हळूच परत कानाला लावला. पलीकडून ती सांगू लागली. आपला दात पडला कॉमा, समोरचा फुलस्टॉप, रक्त आलं उद्गारचिन्ह! काका मान डोलवत ऐकत होते. मग म्हणाले, "व्हेरी गुड. बट आफ्टर टूथ, वन कॉमा मोअर." ही त्यांनी नातीची काढलेली पहिली चूक. त्यानंतर प्रत्येक रविवारी काकूंची तक्रार असायची, "मला आता पाच मिनिटं मिळत नाहीत." काकांची दाढी मात्र एकदाच व्हायला लागली.

मी पदवीधर झाले, पुढे बी.एड. केलं, आता सावनेरजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. निघताना काकांनी मला तो शब्दकोश दिला. उचलताना मीही "हर हर महादेव" म्हणते. वर्गात एखादं पोर उभं राहून तोंड मिटून घेतं, तेव्हा मी म्हणते, "अर्थ राहू दे, कॉमासकट वाच." पहिल्या दिवशी सगळे हसतात. कॉमा सगळेच म्हणत असल्याने दुसऱ्या दिवशी हसायला कोणी उरत नाही.

काका गेल्या थंडीत गेले. तेरवीला मी गेले होते. रेवा आता तिकडे कॉलेजात आहे, परीक्षेमुळे तिला येता आलं नाही. काकूंनी तिचा व्हिडिओ कॉल लावून मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला. तिच्या हातात कागद होता. "डिअर आजोबा कॉमा," असं तिने सुरू केलं, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्या पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पत्रिकेवाली भाचीही होती. तिला बहुतेक समजलं, कारण ती पदराआड हसली. रेवा इंग्रजीतच वाचत होती. लहानपणी फोनवर 'आजोबांना द्या' म्हणताना ती स्वतः घाबरलेली असायची, असं तिने सांगितलं. आपल्याला मराठी येत नाही म्हणून आजोबा बोलत नाहीत, असं तिला वाटायचं. म्हणजे घाबरणारे आम्ही दोघे नव्हतो, तिघे होतो.

मी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. सवय जाते थोडीच, प्रत्येक कॉमा मी मनात तपासत होते. सगळे जागच्या जागी होते. शेवटचं वाक्य तिने मराठीत वाचलं. पाठ केलं असावं, कारण कागदाकडे तिने पाहिलं नाही.

"आजोबा कॉमा, मी येते."

आणि थांबली. आम्ही सगळे वाट पाहत होतो. ती नुसती पाहत राहिली, ओठ दुमडून. फुलस्टॉप आला नाही. थोड्या वेळाने काकूच म्हणाल्या, "राहू दे पोरी, नको म्हणू."

काकांनी हे प्रूफ कधीच पास केलं नसतं. माझ्या पर्समध्ये लाल पेन होतं, मास्तरणीच्या पर्समध्ये ते असतंच. मी ते काढलं नाही.